गोल इमारतीचं नाणं

१

कतारमध्ये, दोह्यात दुपारचं जेवण झालं की सगळं गाव दार ओढून घेतं. दुकानं बंद, मजूर सावलीला, कुत्रीसुद्धा भिंतीच्या बुडाशी पोटं टेकून पडलेली. पुन्हा माणूस दिसतो तो तिसऱ्या प्रहरी, असरच्या बांगेनंतर. मला मात्र दुपारी झोप लागत नाही. माझे वडील रत्नागिरीला शाळामास्तर होते आणि दुपारी लोळणाऱ्या माणसाला ते तोंडावर आळशी म्हणायचे. ती धास्ती अजून गेलेली नाही. घर झोपलं की मी पंख्याखाली सूप घेऊन बसते आणि तांदूळ निवडते.

बासष्ट सालचा उन्हाळा होता. अल मुंतझा वस्तीच्या कडेला आमचं नवीन घर नुकतं उभं राहिलं होतं. जागा कफीलची, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या अरबाची, मेहनत आमची. घरात आम्ही चौघं: मी, माझा नवरा, धाकटा दीर इलियास आणि त्याची बायको कनीज. कनीजला सातवा महिना लागला होता. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सारखं ‘हे’ आणि ‘यांनी’ करत बसले तर वाचणाऱ्याला कोण काय करतोय ते कळायचं नाही. म्हणून सरळ मजीद लिहिते. त्याला राग येणार नाही आता.

तर त्या दुपारी तांदूळ निवडताना मला माणसांचा आवाज आला. भांडणाचा नाही, बोलण्याचाही नाही. निकाहाच्या आधी मांडवात पुष्कळ लोक येऊन बसलेले असतात, काझी अजून यायचा असतो, तेव्हा जसा आवाज असतो तसा. कोणी खाकरतंय, कोणी सरकून जागा देतंय, कापड कापडाला घासतंय.

आधी वाटलं समुद्र. पण समुद्र तिथून लांब, आणि त्या वेळी ओहोटी. मग वाटलं शेजारचा रेडिओ. शेजारी कुलूप लावून मुंबईला गेले होते. मी सूप खाली ठेवून आवाजाच्या मागे मागे गेले. स्वयंपाकघरात कमी झाला, अंगणात वाढला, आणि बाहेरच्या दारापाशी तर पायाखालून आल्यासारखा वाटला. दार उघडून पाहिलं. बाहेर ऊन आणि रिकामा रस्ता.

संध्याकाळी मजीदला सांगितलं तर तो हसला.

“पंख्याखाली बसू नको गो. डोक्यात पंखा शिरलाय तुझ्या.”

मीही हसले. मास्तरची मुलगी मी, घरात भूत आहे असं सांगायला मला शरम वाटली असती.

२

मजीद हाडाचा गवंडी. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या कामावर तो मुकादम होता आणि तिथल्या इंग्रज इंजिनियरचा त्याच्यावर जीव होता. या साहेबाला जुन्या नाण्यांचा नाद. तोही साधा नाही, ज्या नाण्यांवर बांधकाम असेल तेवढीच तो जमवायचा. रोमच्या राजांची दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी, एकावर पूल, एकावर गलबतांनी भरलेलं बंदर, एकावर पाणी वाहून नेणाऱ्या कमानी, एकावर देऊळ. मजीद घरी येऊन त्या नाण्यांबद्दल असा बोलायचा की दुसरा कोणी नवीन मोटारीबद्दल बोलेल.

“एवढ्याशा नाण्यावर कमान बघ काय उतरवलीय! आपल्या मानसांना कागदावर काढता येत नाय.”

साहेबाची बदली झाली. जाताना त्याने मजीदपुढे पेटी उघडली आणि म्हणाला, तुला आवडेल ते एक घे. मजीदने गवंडी जे करील तेच केलं. ज्यात सर्वांत जास्त बांधकाम होतं ते उचललं.

त्याने ते माझ्या हातावर ठेवलं तेव्हा मी चांगलं निरखून पाहिलं होतं. तांब्याचं, जाड, वजनदार. एका बाजूला एक माणूस बसलेला आणि त्याच्या पायाशी ढाली-भाल्यांचा ढीग. दुसऱ्या बाजूला एक गोल इमारत, कमानीवर कमान, कमानीवर कमान. ती वरून दिसेल अशी काढलेली, त्यामुळे आतल्या भिंतीही दिसत होत्या. आत सगळीकडे बारीक बारीक ठिपके होते, खसखस सांडावी तसे.

“हे काय?” मी विचारलं.

“मानसांची डोकी. तमाशाचं थेटर हाय ह्यां. सरकारी खर्चाने बांधलेलं, रयतेसाठी.”

आमच्याकडे कोकणात घराची चौकट बसवताना उंबरठ्याखाली चांदीचा रुपया ठेवतात, फातेहा देतात आणि गूळ-खोबरं वाटतात. इथे चांदीचा रुपया आता कोणाकडेच राहिला नव्हता. होते ते सोनारांनी आटवून टाकलेले. मजीदने जरा विचार केला आणि ते नाणं खिशातून काढलं.

मी म्हटलं, “अहो, ते काफर राजाचं नाणं घराखाली कशाला?”

“राजाचा काय संबंध? इमारत बघ ना! घराच्या पायात घर. ह्याच्याहून शुभ काय असतंय?”

मग स्वतःच्या हाताने त्याने ते चुन्यात बसवलं, इमारतीची बाजू वर करून, आणि त्यावर उंबरठ्याचा दगड ठेवला. गूळ मीच वाटला.

३

कनीजने दोन कोंबडे पाळले होते. एक तांबडा, एक कबरा. एकाच टोपलीतून आलेले, एकाच ताटलीत खाणारे, रात्री एकमेकांना चिकटून बसणारे. मी तिला चिडवायचे, “तुझ्या नवऱ्याने तुझ्याजवळ एवढं प्रेमाने बसावं म्हणून दुवा कर.”

एका दुपारी ते अंगणात लढले. कोंबडे लढतात, हे मला कोणी सांगायला नको. पण हे चोची मारून पळणं नव्हतं. गोल गोल फिरत होते दोघं, माना खाली घालून, आणि मध्येच थांबून वर बघत होते. घार असेल म्हणून मीही वर पाहिलं. आकाश रिकामं होतं.

कबऱ्याने तांबड्याचा डोळा काढला. मग दुसरा. आंधळा तांबडा वाळूत स्वतःभोवती फिरत राहिला आणि कबरा सावकाश, घाई न करता, त्याच्या मानेची साल काढत राहिला. मी झाडू घेऊन धावणार होते. माझे पाय हलले नाहीत, कारण तो मांडवातला आवाज आला होता आणि तो वाढत होता. चोच बसली की वाढायचा, तांबडा निसटला की खाली यायचा. शेवटी तांबडा पडला तेव्हा चहूबाजूंनी एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. माझ्या मानेवरचे केस उडाले. वारा म्हणावा तर अंगणातलं एक पान हललं नव्हतं.

कनीज खोलीतून बाहेर आली. तिने आधी कोंबड्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“भाबी, इतकी लोकां कोन आली?”

“कोणी नाही. तू झोप.”

मला फार बरं वाटलं आणि फार भीतीही वाटली. बरं यासाठी की माझं डोकं फिरलं नव्हतं. भीती कशाची ते उघडच आहे.

४

बाहेरच्या भिंतीचा गिलावा राहिला होता, त्यासाठी मजीदने अबूबकर आणि इब्राहीम यांना आणलं. दोघे म्हसळ्याकडचे, एका आळीतले, एकाच बोटीने आलेले. अबूबकरच्या बहिणीशी इब्राहीमचं लग्न ठरलेलं. दिवसभर त्यांची थट्टा चालायची. इब्राहीम अबूबकरला मुद्दाम “मेव्हणे, पाणी द्या” म्हणायचा आणि अबूबकर त्याच्या अंगावर चुन्याचा शिंतोडा उडवायचा.

दुपारी मी त्यांना आत बोलावलं. हमूर माशाचं कालवण, भात. जेवून दोघे हात धुवायला अंगणात गेले.

गिलाव्याच्या लोखंडी थापीवरून सुरू झालं. ही थापी माझी की तुझी, एवढंच. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, दोन घोडे झालेत, थापीसाठी भांडतात. मग बोलणं थांबलं. मी डोकावले तर ते एकमेकांभोवती गोल फिरत होते. माना खाली. तोंडातून शब्द नाही.

अबूबकरने पहिला वार थापीच्या धारेने केला. इब्राहीमचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला आणि आतले दात दिसले. त्याने ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही. त्याने फावडं उचललं आणि अबूबकरच्या नडगीवर मारलं, लाकूड फोडतात तसं नेम धरून. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. पण ते ऐकू आलं त्यापेक्षा मोठा आवाज त्याच्या पाठोपाठ आला, खालून, भिंतींतून, सगळीकडून. आनंदाचा आवाज होता तो. मी आयुष्यात लग्नं पाहिली, ईद पाहिल्या, इतका आनंद कुठे ऐकला नाही.

अबूबकर गुडघ्यावर सरपटत त्याच्या अंगावर गेला आणि अंगठा त्याच्या डोळ्यात घातला. मी किंचाळत गेले. त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, केस ओढले, शेवटी पाण्याची अख्खी बादली त्याच्या डोक्यावर आपटली तेव्हा तो बाजूला झाला.

मग तो त्याच जागी बसून लहान मुलासारखा रडायला लागला. “मना काय झालां? भाबी, मना काय झालां? हा माझा इब्राहीम हाय!”

इलियासने दोघांना कामावरच्या जीपमध्ये घालून इस्पितळात नेलं. इब्राहीमचा डोळा वाचला नाही. इस्पितळात त्यांनी सांगितलं की चुन्याची परात अंगावर पडून लागलं. परातीने डोळा जातो आणि नडगी मोडते, हे डॉक्टरने मानलं की नाही कोण जाणे.

अंगणातलं रक्त धुवायला मी पाणी घेऊन गेले. वाळू कोरडी होती. डाग नव्हता.

५

त्यानंतर अंगण झाडताना मला एक गोष्ट खटकायला लागली. झाडू कुठे अडत नव्हता.

घर झाडणाऱ्या बाईला कोपरे पाठ असतात. कचरा कोपऱ्यात जमतो, तिथे झाडू उभा धरून ओढावा लागतो. आमच्या अंगणाला चार कोपरे होते. मी पाहिलेत, मजीदने गुण्या लावून काढलेले काटकोनी कोपरे. आता झाडू भिंतीला लावला की तो न थांबता सरकत जायचा आणि फिरून मी जिथून सुरू केलं तिथेच यायचा. मी भिंतीवर हात फिरवला. गिलाव्याची वळणं होती. साफ, गुळगुळीत, चांगल्या हाताने केलेली.

रात्री जेवताना मी विचारलं, “कोपरे कशाला भरले?”

मजीद म्हणाला, “मी नाय भरले. इलियासला विचार.”

इलियास म्हणाला, “मी कशाला भरू? तुम्हीच दुपारचे अंगणात असता, भाई.”

हे खरं होतं. मजीद हल्ली दुपारी झोपत नव्हता. वरच्या खोलीपुढे अंगणाकडे तोंड करून एक सज्जा होता, तिथे तो जाऊन बसायचा आणि खाली रिकाम्या अंगणाकडे बघत राहायचा. मी चहा नेऊन ठेवला तर चहा तसाच गार व्हायचा.

“मी अंगनात असतंय म्हंजे? मी माझ्या घरात कुठंपन असंन!” मजीदने भाताचं ताट उडवलं.

इलियास उठला. दोघांच्या मुठी वळल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा इलियासचे दुधाचे दात पडत होते. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याला भरवण्यापासून नाक पुसण्यापर्यंत सगळं मीच केलं. भावापुढे मान वर करून बोलणं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि मजीदने आपल्या धाकट्याला कधी बोट लावलं नव्हतं. आज त्याने त्याच्या थोबाडीत दिली. इलियासच्या ओठातून रक्त आलं.

खालून कोणीतरी खाकरलं.

आम्ही चौघांनी ऐकलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मजीद वर निघून गेल्यावर इलियास माझ्याजवळ येऊन बसला. “भाबी, त्या नाण्याचं साहेब मनापन बोलला होता. मीच गाडी चालवायचो ना त्याची. ते तमाशाचं थेटर नाय. आत मानसां लढायची, एक मरेपर्यंत. बाकीची लोकां बघायची. पडलेल्याला मारायचा की सोडायचा, तां वर बसलेली लोकां हातानं सांगायची.”

“तुझ्या भावाला हे माहीत होतं?”

“भाईला इंग्रजी कुठं कळतंय? तो कमानी बघत व्हता.”

६

मी अजूनही स्वतःला समजावत होते. उकाडा, दमट हवा, डोक्यात रक्त चढतं, माणसं भांडतात. घर नवीन, दगड तापून रात्री आवाज करतात. आवाज वाहून येतो. सगळी कारणं मला तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही त्या वळणदार भिंतींना लागू पडत नव्हतं.

मजीदला मी म्हटलं, आपण अल रुवैसला जाऊन राहू, तिथे धक्क्याचं काम निघालंय म्हणे. तो म्हणाला, मी हे घर सोडणार नाही. कनीजला गावी पाठवावं तर तिला सातवा महिना, बोटीवर कोण घेणार? आणि मला त्या दोघांना इथे एकत्र सोडून जायचं नव्हतं. दोन भाऊ एका घरात, एका अंगणात, आणि खाली ते सगळे वाट बघत बसलेले. एवढं कळायला पंडित लागत नाही.

शुक्रवारी दोघे जुम्याच्या नमाजाला गेले. दोन वेगळ्या वाटांनी गेले, हेही माझ्या लक्षात आलं. दार लागल्याबरोबर मी मजीदची पहार काढली आणि उंबरठ्याच्या दगडाखाली घातली.

“भाबी, नको,” कनीज म्हणाली. ती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून उभी होती.

“तू आयतुल कुर्सी म्हण. मी हे उपटते.”

दगड हलायला जड गेला. चुना फुटला, दगड एका अंगाने उचलला गेला, मी त्याखाली वीट सरकवली आणि गुडघ्यावर बसून आत हात घातला. नाणं वरच असायला हवं होतं. माझ्यासमोर बसवलं होतं. तिथे नाणंही नव्हतं आणि चुनाही नव्हता. भोक होतं आणि त्यातून गार हवा येत होती. तिला घामाचा वास होता. पुष्कळ माणसं उन्हात बसून असतात तेव्हा येतो तो वास, आणि त्यात ओल्या वाळूचा.

खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना दगडाची कड लागली. घडवलेला दगड, झिजून गुळगुळीत झालेला. त्याच्या खाली आणखी एक कड. पायरी. तिच्या खाली पुन्हा पायरी. मी नाणं चाचपत बोटं पुढे सरकवली आणि ती केसांत गेली.

दाट, घामेजलेले केस. खाली कवटी, गरम. माझा हात लागल्यावर ते डोकं जरासं बाजूला झालं. दचकून नाही. गर्दीत मागच्याचा हात लागला की आपण समोर बघता बघताच डोकं थोडं सरकवतो ना, तसं.

मी हात बाहेर काढला. कनीजने विचारलं, “मिळालं काय?”

तेवढ्यात दारात मजीद उभा राहिला.

७

त्याने उचकटलेला उंबरठा पाहिला, माझ्या चुन्याने भरलेल्या हाताकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी पाय धरले असते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

“माझा पाया उखडलास.”

“अहो, खाली माणसं आहेत. हात घालून बघा. अल्लाची शप्पथ, हात घालून बघा!”

त्याने वाकून पहार उचलली. मी मागे सरत अंगणात आले आणि तो माझ्यामागे आला. त्याने पहार दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली. माझा नवरा. तापात माझ्या पायाचे तळवे चोळत बसणारा माणूस. मी डोळे मिटले.

घाव पडला तो माझ्यावर नाही. इलियास मागून धावत आला होता, त्याने मला ढकललं आणि पहार त्याच्या खांद्यावर बसली. हाताचं हाड निखळून खाली आलं ते सदऱ्यातून दिसलं.

“भाबी, कनीजला घेऊन वर जा!” तो ओरडला. “यल्ला, जा!”

बाहेरच्या दाराकडे जायला वाट नव्हती, मध्ये ते दोघे. मी कनीजला ओढत जिना चढले. वरच्या खोलीला कडी घालायचा विचार केला, पण आतून काही दिसलं नसतं. आम्ही सज्ज्यावर आलो.

खाली ते गोल फिरत होते. माना खाली. इलियासने चांगल्या हाताने गिलाव्याच्या कामाची कुदळ उचलली होती. मी ओरडत होते. मजीद! इलियास! अरे सख्खे भाऊ तुम्ही! कठड्यावर ओणवून घसा फुटेपर्यंत ओरडत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, इतका तो दुसरा आवाज मोठा झाला होता. तो आता खालून येत नव्हता. आमच्या दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून येत होता.

पहार इलियासच्या बरगडीत गेली. कुदळ मजीदच्या गुडघ्यावर बसली आणि पाय नको त्या दिशेला वाकला. मजीद पडला, पडता पडता त्याने इलियासची पोटरी दातांनी धरली आणि मांसाचा लचका तोडला. इलियासने त्याच्या तोंडावर लाथ मारली. एक, आणखी एक. दात वाळूत पडले. मजीद उताणा झाला. इलियासने त्याच्या छातीवर पाय ठेवला आणि एका हाताने कुदळ उचलली.

आणि सगळं गप्प झालं.

८

असली शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. पंखा बंद, रस्ता बंद, श्वास बंद.

कुदळ वर होती आणि खाली येत नव्हती. इलियासने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लहान असताना ताटावर बसल्यावर तो माझ्याकडे पाहायचा, सुरू करू का, तसं पाहिलं. खालून मजीदही माझ्याकडेच बघत होता. रक्ताने भरलेल्या तोंडाने, एका उघड्या डोळ्याने. तो घाबरलेला नव्हता. तो वाट बघत होता.

माझ्या उजव्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागलेला होता. कनीज डाव्या बाजूला होती. मी उजवीकडे मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसलं तेवढं पुरे झालं. आमच्या सज्ज्याची भिंत जिथे संपायची तिथे ती संपली नव्हती. ती वळत वळत पुढे गेली होती, उन्हातून, वरपर्यंत, आणि तिच्यावर डोकी होती.

मला फक्त थांब म्हणायचं होतं. घसा गेला होता, शब्द फुटेना. म्हणून मी हात वर केला. आमच्या घरी वाढणाऱ्याला पुरे म्हणायचं असलं की ताटावर असाच हात आडवा धरतात. इलियासला हे ठाऊक होतं, त्याला हे मीच शिकवलं होतं. पंजा उघडा, बोटं जुळलेली. बस. थांब. नको.

त्याने माझ्या हाताकडे नीट पाहिलं. पाहून मान डोलावली, माझं सांगणं ऐकताना नेहमी डोलवायचा तशी.

मग कुदळ खाली आली.

मजीदचं डोकं मला दिसत होतं आणि मग ते डोकं राहिलं नाही. पुन्हा कुदळ वर गेली, पुन्हा खाली आली. वाळू काळी झाली आणि बघता बघता कोरडी झाली. सगळीकडून तो आनंद फुटला. घर हललं, कठडा हलला, माझे दात एकमेकांवर आपटले. मी रडत होते, हे मला गालांवरून कळत होतं. मजीद, मजीद म्हणत होते, आणि त्या गदारोळात कोणीतरी अगदी माझ्या कानाशी टाळ्या वाजवत होतं. जोरजोरात, तालात, थांबायचं नाव नाही.

मला संताप आला. इतका संताप की मी त्या खांद्याची भीतीही विसरले. माझा नवरा मेला आणि ही टाळ्या वाजवते? मी कनीजकडे वळले, तिच्या थोबाडीत देणार होते.

कनीज माझ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती माझ्यापासून जेवढं दूर सरता येईल तेवढं सरून भिंतीला चिकटली होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

मग मी माझ्या हातांकडे पाहिलं.